दिवाळे काढण्याचा हक्क

‘दिवाळखोर’ हा शब्द आपल्या भाषेत शिवीसारखाच वापरला जातो. जुन्या पेठांतली रीत अशी सांगतात की, देणी भागवण्याचे त्राण संपले म्हणजे व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे आणि त्या दिव्यावरून दिवाळे हा शब्द आला. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्यातला अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. दिवसा दिवा लावणे ही नामुष्की होती खरीच, पण ती एक जाहीर घोषणाही होती : माझ्यापाशी उरले आहे ते वाटून घ्या आणि हा हिशेब येथे मिटवा. हिशेब मिटवण्याची ही सोय पेढीवाल्याला होती. कुणब्याला, विणकराला, गिरणीकामगाराला ती नव्हती. त्याचे कर्ज बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जात असे.

आज परिस्थिती किती पालटली आहे? कर्ज हा आता केवळ शेतकऱ्याचा प्रश्न राहिलेला नाही. आपल्या चळवळीची कर्जाविषयीची भाषा मात्र अजून सातबाऱ्यापाशीच थांबलेली आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१९ साली केलेल्या गणनेनुसार ग्रामीण भागातील ३५ टक्के आणि शहरी भागातील २२.४ टक्के कुटुंबे कर्जात होती. त्यानंतर भ्रमणध्वनीवरून पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स आली, क्रेडिट कार्डे वाढली, हप्त्याने मिळणाऱ्या वस्तूंची यादी लांबली. २०२४ साली देशातील कुटुंबांवरील एकूण कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ४२ टक्क्यांवर पोहोचल्याचे रिझर्व्ह बँकेचे अहवाल सांगतात, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग घरासाठी काढलेल्या कर्जाचा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहककर्जांवर बँकांना अधिक भांडवल राखून ठेवावयास लावले, ते काही उगाच नव्हे. मात्र ती चिंता बँकांच्या प्रकृतीची होती. कर्जदाराच्या प्रकृतीची चिंता कोणी वाहावयाची, हा प्रश्न तसाच राहिला.

हे कर्ज चैनीसाठी काढले जाते, असा एक सोयीस्कर समज सुस्थित वर्गात आहे. काही कर्जे तशी असतीलही. परंतु कंत्राटी कामगाराचा पगार दोन महिने लांबतो, घरात कोणी आजारी पडून खाजगी रुग्णालयाचे बिल येते, मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क एकरकमी भरावे लागते, तेव्हा जे कर्ज काढले जाते ते वस्तुतः न मिळालेल्या वेतनाची आणि सरकारने अंग काढून घेतलेल्या आरोग्य-शिक्षणसेवेची भरपाई असते. मालकाने वेतनात वाचवले ते बँकेने व्याजासह उसने दिले, असा हा व्यवहार आहे.

या प्रश्नाला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्या दंग्यांत माणसांवरील हिंसा फार थोडी झाली. शेतकऱ्यांचा रोख कागदावर होता, आणि हीच गोष्ट सर्वांत बोलकी आहे. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. परकीय सत्तेने स्वतःचा महसूल आणि शांतता राखण्यासाठी केलेला तो कायदा होता, त्याचे गुणगान करण्याचे कारण नाही. तरीही त्याने काय दिले ते पाहा. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकणे बंद झाले. रोख्यावर कोणता आकडा लिहिला आहे एवढ्यावर न थांबता, व्यवहार कोठे सुरू झाला, मूळ रक्कम किती हातात पडली आणि व्याजावर व्याज कसे चढले, याची मुळापासून चौकशी करण्याचे काम न्यायाधीशावर सोपवले गेले. आणि ज्याचे देणे ५० रुपये किंवा अधिक आहे अशा शेतकऱ्याला, मला नादार ठरवा, असा अर्ज दुय्यम न्यायाधीशापुढे करता येऊ लागला. अटकेपासून मुक्ती, हिशेबाची चौकशी आणि नादारीचा अर्ज : या तीन गोष्टी १८७९ साली चार जिल्ह्यांतल्या कुणब्याला कागदावर का होईना मिळाल्या होत्या. या तिन्हींचे आज काय झाले आहे, ते पाहू.

आधी हिशेबाची चौकशी घेऊ. व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येणार नाही, हा हिंदू धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी इंग्रजी अमदानीतही पाळला. अवाजवी व्याजाचा व्यवहार न्यायालयाने पुन्हा उघडून पाहावा, यासाठी १९१८ साली देशभराचा कायदाही झाला. परंतु १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम घालण्यात आले आणि बँकेने लावलेले व्याज अवाजवी आहे या कारणावरून कोणत्याही न्यायालयाला व्यवहार उघडता येणार नाही, असे ठरले. त्या काळी मोठ्या बँका राष्ट्राच्या मालकीच्या झालेल्या होत्या आणि राष्ट्राची बँक सावकारी करणार नाही असा भाबडा विश्वास आपल्यापैकी अनेकांच्या मनात होता, त्यामुळे या कलमाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे खाजगी बँका आल्या आणि ते कवच त्यांनाही आयते मिळाले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारीविषयक कायदे लागू होत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली क्रेडिट कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. तो निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. परिणाम असा झाला आहे की, महाराष्ट्र सरकारच्या २०१४ च्या दरांनुसार परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर १८ टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि वातानुकूलित कचेरीतली बँक मात्र कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, उजळ माथ्याने घेऊ शकते. ‘पठाणी व्याज’ हा शब्द आपण ज्यांच्यामुळे वापरू लागलो, त्या काबुली सावकारांना निदान कायद्याचे भय होते.

आता अटक. दिवाणी संहितेनुसार हुकूमनाम्यापायी ऋणकोला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येते. १९८० साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी, केवळ दारिद्र्यामुळे ज्याला देणे जमत नाही त्याला तुरुंगात टाकता येणार नाही, त्याच्या ठिकाणी लबाडी दिसली पाहिजे, असा निर्वाळा दिला. हा निर्णय कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा असा आहे. पण दिवाणी दरवाजा असा अर्धा मिटल्यावर फौजदारी दरवाजा उघडला गेला. १९८९ पासून न वटलेला धनादेश हा गुन्हा ठरला. आता त्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. २००७ च्या कायद्याने बँकखात्यातून परस्पर वळता होणारा हप्ता खात्यात शिल्लक नाही म्हणून परतला, तरी तीच तरतूद लागू केली. कर्ज देताना सही केलेले कोरे धनादेश आणि खात्यातून हप्ता वळता करण्याचे संमतिपत्र घेऊन ठेवावयाचे, पगार चुकला की ते पुढे करावयाचे आणि मग कर्जदाराला समन्स पाठवावयाचे, ही आजची रूढ रीत आहे. देणे दिवाणी असते, भीती फौजदारी असते. परगावच्या न्यायालयातून समन्स आले की रोजंदारीवर जगणारा माणूस घरातले किडूकमिडूक विकून पैसे भरतो. खटला चालवण्याची वेळच येत नाही.

न्यायालयाबाहेरच्या वसुलीविषयी किती लिहावे? वसुलीसाठी दंडेली करणारी माणसे पाठवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका वाहनकर्जाच्या प्रकरणात बजावले. २००८ साली रिझर्व्ह बँकेने वसुली-प्रतिनिधींसाठी नियम घातले. ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सांगितले की, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर दूरध्वनी करू नयेत, नातेवाईक व मित्रांना त्रास देऊ नये, जाहीर अपमान करू नये. त्यानंतर सुमारे महिनाभरातच झारखंडमधील हजारीबाग जिल्ह्यात ट्रॅक्टर ओढून नेण्यास आलेल्या वसुलीवाल्यांच्या हातून शेतकऱ्याची गर्भवती मुलगी ट्रॅक्टरखाली चिरडली गेली. संबंधित वित्तसंस्थेला बाहेरच्या माणसांकरवी वसुली करण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ती उठवलीही. ॲपवरून कर्ज देणाऱ्यांचा मार्ग याहून निराळा. कर्ज देतानाच ते भ्रमणध्वनीतील सर्व नावे आणि छायाचित्रे काढून घेतात आणि थकबाकी होताच ओळखीपाळखीच्या सर्वांना निरोप जातात, स्त्रियांची विकृत केलेली छायाचित्रे फिरवली जातात. या छळामुळे लोकांनी आत्महत्या केल्याच्या बातम्या २०२० पासून आपण वाचत आहोत. सप्टेंबर २०२२ च्या नियमांनी या माहितीला हात लावण्यास बंदी घातली आहे, पण बेकायदा ॲपला नियम कोणता?

खेड्यात या वसुलीचे रूप शांत असते, म्हणून ते आपल्या नजरेतून निसटते. ‘फायनान्सवाले’ आठवड्याच्या ठरल्या दिवशी येतात, गटातल्या बायका एका अंगणात बसतात, आणि एकीचा हप्ता आला नाही तर बाकीच्यांनी तो भरेपर्यंत कोणी उठावयाचे नाही. येथे आवाज चढवावा लागतो तो शेजारणीला, कंपनीच्या माणसाला नव्हे. एकमेकींना आधार देण्याच्या बायकांच्या पिढीजात सवयीचे तारण करून घेण्याची ही युक्ती आहे, आणि तिच्यातून मोडलेली शेजारधर्माची नाती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत. एप्रिल २०२२ पासून या कर्जांवरील व्याजाची कमाल मर्यादा उठली. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये, असे बंधन त्याच वेळी आले. पण उत्पन्न किती ते लिहून घेणाऱ्या माणसाला कर्ज खपवण्याचे लक्ष्य दिलेले असते. वसुलीस दारात येणारा तरुणदेखील बहुधा कष्टकऱ्याच्याच घरातला असतो, तुटपुंज्या पगारावर आणि वसुलीच्या टक्केवारीवर राबणारा. त्याच्याशी हातघाईवर येण्यात आपली शक्ती दवडू नये.

राहिला नादारीचा अर्ज, आणि मला वाटते मुख्य प्रश्न येथेच आहे.

मोठ्या ऋणकोला दार आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने कंपन्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था उभी केली आणि या व्यवस्थेतून निकालात निघालेल्या प्रकरणांत देणेकऱ्यांना त्यांच्या मान्य दाव्यांपैकी साधारण एकतृतीयांशच रक्कम हाती येत असल्याचे अधिकृत आकडे सांगतात. आपल्या मराठवाड्यात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन समूहाच्या बाबतीत सुमारे ६४ हजार ८०० कोटींच्या दाव्यांवर अवघे २,९६२ कोटी देऊ करणारी योजना जून २०२१ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने मंजूर केली होती; जानेवारी २०२२ मध्ये अपिलात ती रद्द झाली. जून २०२३ मध्ये तर जाणूनबुजून कर्ज थकवणाऱ्यांशीही तडजोड करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली. २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी १४ लाख ५६ हजार कोटींची कर्जे निर्लेखित केली आणि त्यांपैकी जवळपास निम्मी मोठ्या उद्योगांची व सेवांची होती, हे सरकारनेच लोकसभेत सांगितले आहे. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, हे सरकारचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण कंपनी बुडाली तरी मालकाचे नाव, घर आणि संसदेची उमेदवारी शाबूत राहू शकते, कारण कायद्याच्या लेखी बुडाली ती कंपनी. मर्यादित जबाबदारी ही भांडवलदाराला दिलेली कायमची कर्जमाफीच आहे. लहान माणूस मात्र कर्जाला अमर्याद जबाबदार असतो. त्याचेही कर्ज बँक निर्लेखित करते, मग ते पडत्या भावात दुसऱ्या संस्थेला विकते, आणि ती नवी संस्था त्याच्या दारात पूर्ण रक्कम मागत उभी राहते. ज्या भावात कर्ज विकले त्या भावात ते तुम्हीच मिटवा, असे त्याला विचारले जात नाही. पतमापन संस्थेच्या नोंदीत डाग लागला म्हणून बँकेने नेमणूक रद्द केलेल्या उमेदवाराला २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. कर्ज फेडावयास नोकरी हवी, आणि कर्ज थकले म्हणून नोकरी नाही.

गंमत अशी की, याच २०१६ च्या संहितेत गरीब ऋणकोसाठी ‘नवी सुरुवात’ नावाचे एक प्रकरण आहे. अर्ज दाखल करून घेतला गेल्यावर १८० दिवस वसुलीला स्थगिती आणि शेवटी पात्र कर्जांतून मुक्ती, अशी ती योजना. कायद्यावर राष्ट्रपतींची सही होऊन आठ वर्षे उलटून गेली, तरी हे प्रकरण अंमलात आणणारी अधिसूचना निघाली नव्हती. व्यक्तींपैकी फक्त कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरता तो भाग डिसेंबर २०१९ पासून लागू केला गेला. आणि पात्रतेच्या अटी पाहा : वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, स्वतःचे घर नको. महिना ५ हजारांहून अधिक मिळवणारा, म्हणजे किमान वेतन हातात पडणारा कोणताही कामगार, या दारातून आत जाऊ शकत नाही. शिक्षणासाठी काढलेले कर्ज तर मुक्तीतून मुद्दाम वगळले आहे. शिवाय अर्ज कोठे करावयाचा, तर कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे! बँकांची मोठी कर्जे वसूल करण्यासाठी निर्माण झालेली ही न्यायाधिकरणे महाराष्ट्रात मोजक्या शहरांतच आहेत. गडचिरोलीच्या बाईने त्यासाठी नागपूर गाठावे, अशी अपेक्षा. इंग्लंड व वेल्समध्ये अशीच योजना २००९ पासून प्रत्यक्ष चालू आहे. तेथे कर्जाची मर्यादा १५ हजार पौंडांवरून वाढत २०२४ मध्ये ५० हजार पौंडांवर गेली आणि अर्जाचे शुल्कही रद्द झाले. भांडवलशाहीच्या माहेरघरी हे चालते, त्याने पतव्यवस्था कोसळली नाही.

यावर हटकून घेतला जाणारा आक्षेप असा की, दिवाळे काढणे सोपे झाले तर जो तो कर्ज बुडवील. हा आक्षेप कंपन्यांच्या बाबतीत कोणी घेत नाही, हे सोडून देऊ. नादारी म्हणजे फुकटची मुक्तता नव्हे. त्यात मालमत्ता जाहीर करावी लागते, जप्तीतून वगळलेले सोडून बाकी द्यावे लागते, खोटे बोलल्यास शिक्षा असते. आणि ज्या सावकाराला ठाऊक आहे की अविचाराने दिलेले कर्ज मरू शकते, तोच देताना विचार करतो. कर्ज कधीच मरत नाही या खात्रीवर तर आजचा सारा बेफाम पतपुरवठा उभा आहे.

आपल्या चळवळीने कर्जमाफीसाठी मोठे लढे दिले, ते योग्यच होते. पण २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या कर्जमाफ्या पीककर्जाच्या होत्या. ज्या घराचे पीककर्ज माफ झाले त्याच घरातल्या बाईवरचे तीन फायनान्सचे हप्ते चालूच राहिले, कारण ती कर्जे त्या यादीत नव्हती. भूमिहीन मजूर, घरकामवाली, रिक्षाचालक, कंत्राटी कामगार यांना तर त्या घोषणांत स्थानच नव्हते. याउलट महाराष्ट्राचा १९७५ चा ऋणमुक्ती कायदा आठवावा. आणीबाणीत समाजवादी कार्यकर्ते तुरुंगात असताना तो झाला, म्हणून त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी गढूळ राहिली आहे. पण अल्पभूधारकांबरोबरच ग्रामीण मजूर, कारागीर आणि कामगार यांचीही सावकारी कर्जे त्याने रद्द केली, गहाण वस्तू परत देण्यास लावल्या, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. बँकांची कर्जे त्यातून वगळलेली होती. आज बँक आणि वित्तसंस्था हीच सावकार झालेली असताना ते वगळणे पुन्हा चालणार नाही. शिवाय माफी ही सरकारच्या मर्जीची, निवडणुकीच्या आधीची आणि एकदाची. नादारी हा ज्याचा त्याने, वेळ येईल तेव्हा, न्यायालयात मागण्याचा हक्क आहे.

म्हणून ‘नवी सुरुवात’ प्रकरण तातडीने लागू करा, उत्पन्न व कर्जाच्या मर्यादा किमान वेतनाशी जोडा, अर्ज तालुक्याच्या न्यायालयात घ्या, २१-अ कलम रद्द करा आणि परतलेल्या हप्त्याला गुन्ह्याच्या यादीतून काढा, या मागण्या आपल्या जाहीरनाम्यांत आल्या पाहिजेत. त्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि मुंबई शहरासाठीचा १९०९ चा कायदा नव्या संहितेनंतरही गेले नाहीत. ज्याचे देणे ५०० रुपये किंवा अधिक आहे, तो १९२० च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या न्यायालयात अर्ज करू शकतो आणि अटकेपासून संरक्षणाचा आदेश मागू शकतो. ही वाट लांब आहे, कज्जेदलालांना ती ठाऊक आहे आणि कर्जदारांना नाही. पगारातील पहिले १ हजार रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग सर्वसाधारण कर्जाच्या जप्तीत घेता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे आणि मंगळसूत्रही घेता येत नाही. दिवाणी संहितेचे हे साठावे कलम मराठीत छापून वस्त्यावस्त्यांत वाटण्यास फार खर्च येणार नाही. आणि १९८७ च्या विधिसेवा कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातींच्या प्रत्येक व्यक्तीला आणि औद्योगिक कामगाराला, उत्पन्न न पाहता, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. फायनान्सच्या गटात अंगणात बसवलेली प्रत्येक बाई त्यात येते. या प्राधिकरणाची कचेरी बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, आणि अर्ज साध्या कागदावर करता येतो.